भांडं रिकामं पाठवू नये

टॉरविक, मिनेसोटा
१६ सप्टेंबर १९९६

प्रिय डोरीन,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र आणि खजुराचा डबा, दोन्ही पोचली. डबा दोन दिवसांत फस्त झाला, त्यात माझा वाटा थोडाच. इकडे सगळं ठीक आहे. मका पिवळा पडायला लागलाय आणि सकाळी अंगणात जाताना स्वेटर लागतो. तुम्ही ॲरिझोनातली मंडळी अजून अर्ध्या चड्डीत हिंडत असाल, हिंडा बापडे.

आर्लिसचं पत्र का नाही म्हणून विचारलंस. तुझी बहीण लिहिते लिहिते म्हणते आणि राहून जातं. म्हणून मीच लिहितोय. माझं अक्षर लागलं नाही तर चष्मा बदल.

आता बातमी ऐक. सध्या या घरात रात्रीचा स्वयंपाक मी करतो. हसून घे. आमच्या लग्नात तू सगळ्यांसमोर म्हणाली होतीस, "ऑरिनला ट्रॅक्टर शिजवायला सांगा, अंडं नको." मी विसरलेलो नाही. पण आज तुझ्या आईच्या त्याच बिडाच्या तव्यात, बीफचा खिमा आणि परसातल्या भाज्या घालून, मी असं जेवण करतो की तू बोटं चाटशील. एकच तवा, एकच झाकण, घासायला एकच भांडं. रोजच्या दिवशी यापेक्षा जास्त पसारा घालतात ते लोक वेडे असतात, हे आता माझं ठाम मत झालंय.

आर्लिस स्टुलावर बसून हुकूम सोडते.

"खिमा टाकलास ना? आता ढवळत बसू नकोस. त्याला जरा तव्याशी बोलू दे."

"अगं, चिकटतोय."

"चिकटू दे. वेळ झाली की सुटेल. तू नाही का सुटलास तुझ्या आईपासून?"

खिमा तपकिरी झाला की तवा तिरका करून चरबी कॉफीच्या डब्यात काढायची. सिंकमध्ये ओतली तर पाइप मलाच उघडावा लागेल, हेही रोज ऐकतो. मग कांदा, मग गाजर, मग बारीक चिरलेला बटाटा, वर कोबी. झाकण. झालं. क्रम मात्र तिचा. मी कांद्याआधी गाजर टाकलं तर ती असा चेहरा करते की जणू मी चर्चमध्ये टोपी घालून शिरलोय.

शेजारच्या हॅरिएट लुंडने भोपळ्याचा केक पाठवला होता. भांडं रिकामं परत पाठवू नये, म्हणून मी त्यात खिमा-भाजी भरून दिली. रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी घेताना हॅरिएट सगळ्यांना सांगत होती, "आर्लिसच्या हाताची चव अजून तशीच आहे हो!" मी कपात साखर ढवळत राहिलो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आता तू विचारशील, आर्लिस स्वतः का करत नाही. त्याचं असं झालं. जुलैत एका सकाळी मी खाली आलो तर तुझ्या आईचा तवा सिंकमध्ये, साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवलेला. रात्रभर भिजत होता. तुला माहीतच आहे, लहानपणी त्या तव्याला साबण लावला म्हणून तुझ्या कानाखाली बसली होती. आणि आर्लिसने तर मला पंचेचाळीस वर्षं त्या तव्याजवळ ओला हात नेऊ दिला नाही. मी विचारलं, "हे कोणी केलं?" ती म्हणाली, "तूच केलं असशील, धांदरट." मी हो म्हटलं. गंज घासून काढला, तेल लावून तवा परत काळा केला.

डॉक्टरांनी नाव सांगितलं या दुखण्याचं. तुला फोनवर सांगितलं होतंच, थोडं विसरायला होतं म्हणून. तेवढंच. त्यांनी गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात तिचं नाव यादीत घालून ठेवायला लावलं. तिथली क्रिस्टी नावाची मुलगी मधूनमधून फोन करते. नाव नुसतं असू दे. आर्लिस या घरातून कुठे जाणार नाही, तव्यापुढे मी उभा आहे तोवर.

कळावे. पाय दुखत असतील तर मीठ घालून गरम पाण्यात ठेव.

तुझा मेहुणा आणि आता आचारी,
ऑरिन


टॉरविक
११ ऑक्टोबर

प्रिय डोरीन,

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. पहिलं दव गोठलं. कोबी तेवढा तरला, बाकी बाग गेली. आर्लिस मजेत आहे.

तू रेसिपी मागितलीस. "इतकं छान चाललंय तुमचं, वाचून जीव निवांत झाला," असं लिहिलंस. माझ्याच पत्राचा हा परिणाम. ताकाला जाऊन भांडं लपवायची खोड वाईट. तेव्हा आता जरा नीट लिहितो.

दर वर्षीप्रमाणे आम्ही कापलेल्या गुराचा चौथा हिस्सा घेतला, पांढऱ्या कागदात बांधलेली खिम्याची पुडकी फ्रीझरभर आहेत. सकाळी एक पुडकं काढून सिंकमध्ये ठेवायचं, संध्याकाळपर्यंत त्याचा बर्फ सुटतो, हा या घराचा जन्माचा नेम. आर्लिस हा नेम अजून पाळते. फक्त ती एक पुडकं ठेवते, जरा वेळाने परत एक ठेवते, मग परत. मी गॅरेजमधून आलो की ओट्यावर पुडक्यांची रांग. सुटलेलं मांस परत गोठवायचं नाही म्हणून मी सगळं शिजवतो आणि लोकांकडे पोचवतो. ते भांडी भरून परत पाठवतात. मग ती भांडी मी भरून परत पाठवतो. अख्ख्या टॉरविकमध्ये आर्लिसच्या स्वयंपाकाचा डंका वाजतोय. रस्त्यात बायका मला थांबवून सांगतात, "तिला म्हणावं, इतकं दमू नकोस." मी म्हणतो, "सांगतो."

दिवस कलला की तिला चैन पडत नाही. कोट चढवते, दारापाशी जाते. "बाबा आणि गडी शेतातून येतील. अजून चुलीवर काही नाही." तुझे बाबा जाऊन किती वर्षं झाली ते मी तिला सुरुवातीला सांगायचो. एकदा सांगितलं तेव्हा ती नव्याने रडली. तेव्हापासून सांगत नाही. मी कांदा चिरतो. खरं सांगतो डोरीन, औषधाच्या गोळीने जे होत नाही ते तव्यातल्या कांद्याने होतं. वास आला की ती कोट घालूनच आत येते, स्टुलावर बसते आणि म्हणते, "आता गाजर." त्या घटकेला ती माझी असते, पूर्ण.

कधीकधी मी दोनदा स्वयंपाक करतो. जेवण झाल्यावर ती परत कोट चढवते तेव्हा.

डॉक्टर म्हणाले, शेगडीची बटणं काढून ठेवा, त्यांनी एकटीने गॅस पेटवू नये. मी काढली. शर्टाच्या खिशात घेऊन फिरतो, स्वयंपाकाच्या वेळी लावतो. परवा मी टपाल आणायला गेलो होतो. परत आलो तर ती गार शेगडीपुढे उभी. तव्यात कच्चा खिमा, हातात उलथनं, आणि ती तो खिमा ढवळत होती. गालांवरून पाणी वाहत होतं.

"ऑरिन, मला पेटवताच येईना रे. मी हेसुद्धा विसरले."

बटणं माझ्या खिशात होती. मी हात खिशावर दाबून धरला. दिली असती तर दुसऱ्या दिवशी परत काढून घ्यायला लागली असती. मी म्हटलं, "शेगडी बिघडलीय, मी करतो दुरुस्त." ती म्हणाली, "तू करशील. तू सगळं दुरुस्त करतोस."

आयुष्यभर लोकांचे ट्रॅक्टर दुरुस्त केले. एखादा भाग मोडला तर कुठून मागवायचा हे मला पाठ होतं.

क्रिस्टीचा फोन आला होता. एक खोली रिकामी झालीय, पूर्वेच्या खिडकीची. महिनाअखेर हो किंवा नाही कळवा म्हणाली. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मी अजून लिहून घेत नाही, ऑरिन. विचार करा." पोरगी वाईट नाही. मी फोन ठेवला आणि बटाटे सोलले.

तू काहीतरी लिही. काय, ते मला सांगता येत नाही.

ऑरिन


टॉरविक
१ नोव्हेंबर

प्रिय डोरीन,

तू फोनवर म्हणालीस, "तुम्हाला जे योग्य वाटेल ते करा." तुझाही नाइलाज आहे, मला कळतं. पण मला योग्य काय ते वाटतच नाही गं. मला फक्त संध्याकाळचे साडेचार वाजलेले दिसतात.

मंगळवारी मी तळघरात घर तापवायची भट्टी बघायला उतरलो होतो. हत्यारांची पेटी मागच्या दाराशी उघडी राहिली. शेतकऱ्याची लेक ती, तुम्हा दोघींना बाबांनी खुरपं धरायच्या आधी पक्कड धरायला शिकवलेली. बटण नसलं तर काय झालं, तिने पकडीत बटणाखालची दांडी धरली आणि गॅस सोडला. मग काडी शोधायला गेली आणि कशासाठी आले ते विसरली. बैठकीत येऊन खिडकीशी बसून राहिली.

मला तळघरात काही कळलं नाही. वर या म्हणून हाक मारली ती हॅरिएटने. ती तिचं भांडं घेऊन जायला आली होती आणि तिला ओसरीवरच वास आला. तिने दारं-खिडक्या उघडल्या, आर्लिसला आपला कोट घालून बाहेर नेलं. मी गॅसची नळी बंद केली. नंतर आम्ही दोघं अंगणात उभे होतो, आर्लिस पायरीवर बसून पक्ष्यांना हाका मारत होती.

हॅरिएट म्हणाली, "कधीपासून?"

मी म्हटलं, "जुलै."

"म्हणजे हे सगळं जेवण…"

"मीच करत होतो."

मी आत जाऊन तिचं भांडं आणलं. ते मी भरलेलं नव्हतं. या घरातून रिकामं भांडं गेल्याचं मला आठवत नाही. मी तसं म्हणालो, तर ती म्हणाली, "असू दे हो, ऑरिन. असू दे." आणि रिकामं भांडं पोटाशी धरून निघून गेली. आता सगळ्या गावाला माहीत आहे. कोणी काही विचारत नाही, ते जास्त लागतं.

काल मी क्रिस्टीला हो म्हटलं. सोमवारी सकाळी न्यायचं आहे.

मला जमलं नाही, डोरीन. मी हात टेकले. हे मी तुला सप्टेंबरातच लिहायला हवं होतं, पण लिहिलं की खरं होईल असं वाटायचं.

काल संध्याकाळचं सांगतो आणि पत्र पुरं करतो. मी खिमा टाकला, ढवळला नाही. चरबी काढली. कांदा टाकला, तशी ती आत आली, स्टुलावर बसली. मी गाजर हातात घेऊन थांबलो, ती सांगेल म्हणून. ती नुसती बघत होती. मग मीच टाकलं. बटाटा टाकला, कोबी टाकला. झाकण ठेवलं तेव्हा ती अगदी सभ्यपणे हसली.

"तुमचा हात छान चालतो हो. कुठे शिकलात?"

मी म्हटलं, "बायकोने शिकवलं."

"नशीबवान आहे ती. आमच्याकडे बघा, नवऱ्याला साधं अंडं उकडता येत नाही. पण माणूस सोन्याचा आहे. जेवूनच जा आता तुम्ही, संकोच करू नका."

मी जेवायला बसलो. माझ्याच टेबलावर, पाहुण्याच्या खुर्चीत, तिने दाखवली तिथे. तिने मला दोनदा वाढलं. मीठ हवंय का विचारलं. चवीने खाल्लं तिने, बोलत होती, बाबांच्या गोठ्यातल्या कुठल्याशा खोडकर वासराची गोष्ट सांगत होती. तुलाही माहीत असेल ते वासरू. मी हसलो, खरोखर हसलो.

मग ती उठली, कपाटातून एक ताट काढलं. तव्यात उरलं होतं ते सगळं त्यात काढलं, कडेची खरपूस खपलीसुद्धा खरवडून घातली, कारण ती मला आवडते. वर दुसरं ताट पालथं घातलं आणि शेगडीवर, जिथे तवा गरम होता तिथे, नेऊन ठेवलं.

मी विचारलं, "हे कोणासाठी?"

"ऑरिनसाठी. त्याला गॅरेजमध्ये उशीर होतो. उपाशी झोपेल नाहीतर."

ती खिडकीशी जाऊन रस्त्याकडे बघत उभी राहिली. मी तिच्या मागे उभा होतो. मी म्हटलं, "येईल तो." ती म्हणाली, "येईलच. कुठे जाणार आहे मला सोडून?"

सोमवारी तिला मीच गाडीत बसवणार आहे.

तुला येता आलं तर ये. मी बरोबर केलं की चूक, ते सांगायला नको. तुझा आवाज तिला अजून ओळखता येईल कदाचित, तेवढ्यासाठी ये. तवा मी धुतलेला नाही, नुसता पुसून ठेवलाय, तेल लावून. तो तू घेऊन जा.

ते ताट अजून शेगडीवरच आहे. मला त्याला हात लावता येत नाही.

ज्याच्यासाठी ते झाकून ठेवलंय तो,
ऑरिन