पुसलेल्या जागेतली माणसं

५ सप्टेंबर १९८८
रत्नागिरीत दाखल! मच्छीमार सोसायटीत संगणक चालवायची नोकरी. खिडकीतून जेटी दिसते, जेवायला ताजा बांगडा. सांगलीकराला आणखी काय हवं? संगणकापुढे चपला काढून बसायचं, असा चेअरमन काशीरामभाऊंचा दंडक. समुद्रावर गेलेल्या होड्यांची यादी रोज टाइप करायची, मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. फ्लॉपी एकच आहे. दुसरी मुंबईहून येईल तेव्हा येईल.

८ सप्टेंबर
राही नावाची बाई रोज येते. गेल्या हंगामात तिचा नवरा, महिपत तांडेल, पाच खलाशी घेऊन ‘तुळसा’ होडीवर गेला तो परतलाच नाही. सोसायटीच्या यादीत नाव आहे तोवर बांगड्या उतरवणार नाही, असं तिने घरच्यांना बजावलंय. आधीच्या ऑपरेटरने तुळसाच्या यादीची फाइल केव्हाच पुसलीय. तिला हे सांगायचा मलाही धीर झाला नाही.

१० सप्टेंबर
पुसणं म्हणजे फक्त यादीतून फाइलचं नाव काढणं. मजकूर फ्लॉपीवर तिथेच पडून असतो, त्या जागी नवं काही लिहिलं जाईपर्यंत. म्हणून आज यादीला बगल देऊन फ्लॉपीचा एकेक कप्पा थेट वाचला. सापडली तुळसा! सहाही जण, प्रत्येक जण वेगळ्या कप्प्यात. महिपतच्या नावाखाली एक ओळ: राही, पाणी कमरेपर्यंत आलंय. कुणाची ही घाणेरडी चेष्टा? संतापलो.

१२ सप्टेंबर
ओळ बदललीय. पाणी छातीपर्यंत. माणसं चारच. बाकी दोघांच्या जागी माझी कालची यादी. म्हणजे रोज मीच त्यांच्यावर—

१३ सप्टेंबर
यादी लिहिली नाही. काशीरामभाऊ भडकले. वादळाचा इशारा आहे, समुद्रावर कोण कोण आहे ते कळायला नको? खरंय त्यांचं. लिहिली. रडत लिहिली.
दोघंच उरले. महिपत आणि खलाशी केरू.

१४ सप्टेंबर
राहीला सगळं सांगितलं. दोघांना नव्या फाइलीत उतरवून वाचवतो म्हणालो. आधी केरूला घेतलं— त्याच फ्लॉपीवर. अक्कल कुठे गेली होती माझी! केरू जाऊन बसला तो नेमका महिपतच्या जागी.

१५ सप्टेंबर
केरूचा मजकूर संपतो तिथे, कप्प्याच्या शेवटी, महिपतची अर्धी ओळ उरलीय—
राही, पाणी तोंडात— वरून लिहितोय त्याला सांग, थांब—
राहीला वाचता येत नाही. खुर्चीमागे उभी आहे. वाच ना रे बाबा, म्हणते, माझा घोव काय म्हणतो?
कसं सांगू हिला, की वरून लिहिणारा मी—