पडणाऱ्याच्या नावे घर

मी, वय त्रेपन्न, अविवाहित, बावीस वर्षं कुस्ती-कंपनीत निकाल लिहिणारा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता करीत आहे. (नोकरीत सगळं दबावाखालीच लिहिलं, त्यामुळे फरक मला कळतो.) डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. सोमवारी माझं हृदयाचं ऑपरेशन आहे.

१. बँकेतली शिल्लक धाकट्या बहिणीला. तिच्या नवऱ्याने त्यातून मोटारसायकल घेऊ नये.

२. कोणी कोणाला कसं पाडायचं, हे लिहिलेल्या माझ्या एकोणीस वह्या कंपनीच्या मालकांना मिळू नयेत. ते सांगत फिरतात, कुस्ती लुटुपुटूची असते हे लोकांना कळलं, म्हणून हॉल ओस पडला. लोकांना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पहिल्या रांगेतल्या मावशी ठाऊक असूनच दर शनिवारी कसायाला चप्पल फेकून मारायच्या. कसाई म्हणजे आमचा खलनायक. अजिंक्यपदाचा पट्टा त्याच्या कमरेला असायचा, आणि आज तरी हा आपटेल या आशेवर आठशे खुर्च्या भरायच्या. आपटायचाही असा, की मावशींचा जीव आठवडाभर थंड.

मग मालकांचे जावई रिंगमध्ये उतरले. "जावईबापू पडणार नाहीत," मालक म्हणाले. मी चौदा महिने त्यांना जिंकवलं. लोक ओरडायचे थांबले, तर मालकांनी कर्ण्यावर आरोळ्यांची टेप लावली. मावशी उठल्या. "आमच्या वाटचं ओरडायलाही तुम्हीच ठेवलंय होय? मग आम्ही काय इथे डुलक्या काढायला येऊ?" पुढच्या शनिवारी त्यांची अख्खी रांग रिकामी.

वह्या मावशींना द्याव्यात. फाडायच्या की वाचायच्या, ते त्या बघतील.

३. राहतं घर, दोन खोल्या, कसायाच्या नावे. कारण असं: जावईबापूंशी ठरलेल्या निवृत्तीच्या कुस्तीआधी तो माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला होता, "जिंकव म्हणत नाही रे. शेवटचं पडणं तेवढं नीट लिही." मी अख्खी कुस्ती चाळीस सेकंदांची लिहिली. जावईबापूंना त्यापुढे दम लागायचा. टेपच्या जल्लोषात तो पडला, मान कायमची आखडली. त्याला नऊ वर्षं झाली. आमचं बोलणं नाही.

हे तिसरं कलम आज सह्यांच्या वेळी रद्द केलं आहे. हकीकत अशी: निरोप पाठवल्यावर कसाई आला. पाणी प्यायला. कलम दोनदा वाचलं.

"चाळीस सेकंदांच्या दोन खोल्या? भाव बरा लावलास."

"घे ना बाबा. माझ्यासाठी घे."

त्याने माझ्याकडे न बघता वकिलांना विचारलं, "साक्षीदार किती लागतात?"

"दोन. एक कमी आहे. पण तुम्हाला नाही होता येणार. जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही."

"मग पेन द्या," कसाई म्हणाला.

घर बहिणीला जावं.

वाचून, समजून, खाडाखोडीसह मान्य.

सही: निकाल लिहिणारा
साक्षीदार पहिले: शेजारचे घड्याळदुरुस्तीवाले
साक्षीदार दुसरे: कसाई
ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: १४ जून, शनिवार