पटाच्या दिवशी तू कुठं होतीस

प्रिय मनाली,

बाबा फोनवर ‘हो, बरं आहे, जेवलो’ यापलीकडे बोलत नाहीत, ही तुझी तक्रार केशरआत्यामार्फत पोचली. तक्रार खरी आहे. तुला एक गोष्ट विचारायची आहे आणि ती ओठांपर्यंत येऊन परत जाते, म्हणून कागद घेतला. प्रश्न तुझ्या आईच्या शेवटच्या दिवसाचा आहे, आत्याच्या गावच्या शंकरपटाचा, त्या बैलांच्या शर्यतीचा. तू घाबरू नकोस. घाबरायचं काम इथं मी नीट पार पाडतो आहे.

आधी माझी हकिकत. मध्ये कोर्टानं पट बंद केले तेव्हा सारा तालुका हळहळला आणि मी एकटा मनातून सुखी होतो. आता ते पुन्हा सुरू झालेत. पौषात एका सकाळी नववीला ‘वन’ शब्द चालवत होतो आणि शाळेपुढून कुणाची तरी पटाची जोडी गेली, गळ्यातली घुंगरं वाजवत. षष्ठीपर्यंत पोचलो होतो. सप्तमी आलीच नाही. भानावर आलो तर मी टेबलामागं उकिडवा बसलेला, आणि सरांनी काही अभिनय केला असं समजून पोरं टाळ्या वाजवत होती. संस्कृतच्या तासाला टाळी पडण्याचा माझ्या नोकरीतला हा पहिलाच प्रसंग.

मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेऊन नागपूरच्या एका मानसोपचार करणाऱ्या मॅडमचा नंबर दिला. वयानं त्या तुझ्याहून फार मोठ्या नसतील. समोर बसून त्या दोन बोटं डावीकडून उजवीकडे हलवतात. मी मान न हलवता नजर त्या बोटांमागं न्यायची आणि मनात तो दिवस धरून ठेवायचा. मध्येच थांबून विचारतात, आता काय दिसतं? मग पुन्हा बोटं. ज्यांची नजर इकडे-तिकडे फिरते अशा पोरांना मी जन्मभर बाकावर उभं केलं. आता तेच करायला मी एसटीचं तिकीट काढून जातो. आत्याची समजूत, मला मोतीबिंदू झालाय. “काहून रे जीवन, साकोलीतले डोळ्याचे डॉक्टर मेले का? नागपूरले कायले जाऊन राहिला?” मी म्हटलं, आक्का, मोतीबिंदू जरा आत आहे.

पटात दोन जोड्या शेजारशेजारच्या धावपट्ट्यांवर सुटतात. पुढची निघून गेली की आरोळी उठते आणि धूळ बसायच्या आत माणसं जिंकलेले बैल बघायला धावपट्टीवर उतरतात, मागं पडलेली दुसरी जोडी अजून यायची आहे हे विसरून. आपल्याकडचं शेंबडं पोरही हे जाणतं, तरी कुणीतरी विसरतंच. त्या वर्षी तुझी आई, वच्छला, विसरली. तिच्या भावाची जोडी जिंकली होती. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला त्या वर्षी आमचं लग्न झालं. सारे वाटण्या करत होते तेव्हा आम्ही दोघंच तेवढे जोडले गेलो, असं ती लोकांना सांगायची.

इतकी वर्षं मला एकच दिसायचं. धुळीत तिचा पिवळा पदर, आणि कानात घुंगरं. मॅडमच्या बोटांमागं जाता जाता हे चित्र हलायला लागलं. घुंगरं लांब गेली. पदराच्या वर तिचा चेहरा दिसला, भावाला हाक मारताना हसणारा. येताना एसटीत मी रडलो. शेजारच्या बाईंनी संत्रं सोलून हातावर ठेवलं.

गेल्या खेपेला चित्र आणखी मागं सरकलं आणि कडेला माझा उजवा हात आला. त्या हातात एक लहान हात होता, लाल बांगड्यांचा.

तू तेव्हा आत्याजवळ बैलबंडीत झोपली होतीस, असं मला कायम सांगण्यात आलं होतं. मॅडम म्हणाल्या, इथं दिसतं ते सगळं घडलेलंच असतं असं नाही, कुणाला तरी विचारून घ्या. आमचं न्यायशास्त्रही हेच म्हणतं, स्मृती हे प्रमाण नव्हे. म्हणून आत्याला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, “पोरगी माह्याजवळ कुठची? तुह्याच हातात होती. मंग मी उचलून आणली तिले. तुले काईच आठवत नाही म्हटल्यावर मी म्हटलं, नाही आठवत तं बरंच हाय.”

तू आठ वर्षांची होतीस, मनाली. आईबद्दल तू कधी काही विचारलं नाहीस, ते मी तुझं शहाणपण समजलो आणि चारचौघांत त्याचं कौतुक केलं. पटाच्या दिवसांत तुला पुण्याहून सुट्टी मिळत नाही, हेही खरं मानलं. मॅडम म्हणतात, तुझ्यावर काही लादायचं नाही. तुला वाटलं तर तिकडं हेच उपचार करणाऱ्या कुणाचं नाव त्या देतील. ते तुझं तू ठरव, घाई नाही. मला मात्र एक सांग, येऊन सांग, लिहून सांग, आत्याजवळ सांग. वच्छला धावली तिथपासून आत्यानं तुला उचललं तिथपर्यंतचं अजून काही केल्या उघडत नाही. बेटा, मी तुझे डोळे झाकले होते का?

तुझाच,
बाबा