तांबड्या पेन्सिलीच्या खुणा

गोमती नगर, लखनौ
१४ जून १९९६

प्रिय नयनाबाळ,

उन्हाळ्याच्या झळांतून तुला भरभरून आशीर्वाद.

सकाळपासून कानात एक आवाज आहे. तू चार वर्षांची, पाटावर बसून वाटी ताटावर आपटते आहेस: ठण ठण, "बाबा, अजून!" मी कवितेची ओळ अर्धी सोडायचो, तू ती पुरी करायचीस, मग घास. किती कविता जेवलीस गं तू!

इकडे मलिहाबादचे दशहरी आलेत. पेटी आणली. घरभर वास आहे, पण आंबे तसेच पडून आहेत.

जुई मजेत आहे, असं मी गेल्या पाच पत्रांत लिहिलं. ते खरं नव्हतं.

कॉलेजसाठी तू तिला माझ्याकडे ठेवलंस आणि पोरगी उपास करू लागली. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. मला कोण अभिमान! पंचांग पाहून कॅलेंडरवर तांबड्या पेन्सिलीने खुणा मीच करून दिल्या. महाराष्ट्र मंडळात मालिनीबाई म्हणाल्या, "भास्करराव, नात वाळली हो." मी ऐटीत उत्तर दिलं, "व्रतस्थ आहे आमची जुई!"

एकदा स्वयंपाकाच्या यमुनाने जुईच्या कपाटामागून कागदाची पुडी काढली. आठवड्यापूर्वीची साबुदाण्याची खिचडी, बुरशी आलेली. म्हणाली, "बाबूजी, ई बरत नाहीं है. बिटिया तो भूख से बैर किए बैठी है." हे व्रत नाही म्हणते म्हणून मी तिलाच रागावलो.

जूनमध्ये पोरगी स्वेटर घालते, नयना. कूलर बंद करायला लावते. उशीवर केसांचे पुंजके. सोमवारी जिन्यात चक्कर येऊन पडली, तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. नाडी मिनिटाला बेचाळीस. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बसवून तिला काही विचारलं. बापाने लेकीला कसं लिहावं? सहा महिने बंद आहे. मग मला म्हणाल्या, "हा आजार आहे. शरीर आता हृदयाचे स्नायू खातंय. ताबडतोब भरती करा."

जुई तयार नाही. "आजोबा, मैं मोटी हो जाऊँगी. आई को मत बताना, आपको मेरी कसम." हात इतका गार की मी शपथ घेऊन बसलो. चार दिवस झाले. फोनवर तुझा आवाज ऐकला की तोंडातून 'सगळं ठीक'च निघतं. म्हणून आज लिहून शपथ मोडतोय. मिळेल त्या गाडीने ये. माझं ती ऐकत नाही. ऐकेल तरी कशी? उपाशी राहण्याबद्दल शाबासकी देणारा मीच.

थांब, कडी वाजली.

माझ्याआधी जुईच उठली, भिंतीला धरून. "मैंने बुलाया है, आजोबा. परसों, पीसीओ से फोन किया था. मुझे डर लग रहा था."

खिडकीतून तू दिसते आहेस. बॅग अजून रिक्षातच आहे.

रिक्षा सोडू नकोस, बाळ. आपण तिघं लगेच हॉस्पिटलात निघू.

लेकीशी खोटं बोललेला,
तुझा बाबा