दादांच्या मापाचा दांडा

आई, मी हल्ली पाण्यावर उभी राहते. खोटं नाही सांगत. गंगापूर धरणात रुंद फळी सोडायची, तिच्यावर उभं राहायचं आणि लांब वल्ह्यानं ती पुढं न्यायची. पंचावन्नाव्या वर्षी हे काय थेर, असं तू म्हणाली असतीस आणि मी काठाला लागेपर्यंत जागची हलली नसतीस.

फळी आणि वल्हं तुझ्या नातवाचं. तो नोकरीसाठी परदेशी गेला, सामान इथंच राहिलं. पहिल्या दिवशी मी वल्हं उलटं धरलं. त्याचं पातं पुढं झुकलेलं ठेवायचं असतं, मी फावड्यासारखं ते आपल्याकडे वळवून घेतलं. "मावशी, माती ओढायची नाहीये," शिकवणारी मुलगी म्हणाली. मळ्यातली सवय, दुसरं काय. ती सुटली, पण खांदा दुखायला लागला. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर वल्हवणं विसरा. ते मला सोडायचं नव्हतं. लेक परदेशी गेल्यापासून आठवड्यातली तेवढी एक सकाळ मला आनंदाची वाटते.

मग त्या मुलीनं मला हात वर करून उभं केलं आणि शेजारी वल्हं धरलं. मूठ मनगटाशी यायला हवी होती, ती चांगली वीतभर वर गेली. वरून कापून मूठ पुन्हा बसवते, दहा मिनिटांचं काम आहे, असं ती म्हणाली. मी नको म्हटलं. लेकाची वस्तू कशी कापायची? आणि म्हणता म्हणता मला आपलं अंगण दिसलं.

दादांना जाऊन महिना झालाय. मी दहा वर्षांची, बाप गमावलेली. तू अंगणात बसलीयेस, पायाखाली दादांचं फावडं, हातात करवत. दादा उंच, तू जेमतेम त्यांच्या खांद्याला लागायचीस. कोथिंबिरीला पाणी भरताना त्या दांड्याचं टोक तुझ्या बरगडीत रुततं. मी धावत येते, दांड्याला मिठी मारते, कापू नको म्हणून रडते. तू माझ्याकडे बघत राहतेस आणि करवत खुंटीला लावतेस.

"बरं, नाय कापत. राहू दे."

पुढची तीस वर्षं तू तेच फावडं वापरलंस. मला मात्र दुसऱ्या फावड्याला छोटा दांडा बसवून दिलास, आणि मी दादांचं फावडं उचललं की ओरडायचीस, "आपल्या मापाचं धर, नायतर कंबर जाईल."

शेवटी मी लेकाला फोन केला. तो हसला. "काप की आई. मी आलो की दुसरं घेईन." इतकं सोपं होतं ते. तुला तसं कोणी म्हणालं नाही. म्हणायला घरात मीच होते.

वल्हं कापलं. काल पलीकडच्या काठापर्यंत जाऊन आले आणि खांदा एकदाही बोलला नाही. मी मोठ्यांदा हसले, पाण्यावरची पाखरं उडाली.

दादांचं फावडं माझ्याकडेच आहे, घरामागच्या चार वाफ्यांना मी तेच वापरते. उद्या त्याचा दांडा कापून घेणार आहे. तुझी माझी उंची एकच, त्यामुळे मापाची अडचण नाही.

हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. तुला तेल लावताना बरगडीवरचा काळानिळा डाग मला दिसायचा. तो कशाचा, हेही कळायचं. विचारलं असतं तर तू दांडा कापला असतास, म्हणून मी कधी विचारलं नाही.