गुंड्या चिंगीला सोडेना

शुक्रवार, संध्याकाळ

चिंगी गेली. ओंजळीत मावणारी आमची बुटक्या जातीची सशीण. कालपासून गवताला तोंड लावत नव्हती. कुंभकोणमात सशांचा डॉक्टर मिळेना, म्हणून सकाळी आम्ही दोघं तिला घेऊन तंजावरच्या बसमध्ये बसलो. तिरुवलंचुळी यायच्या आतच तिने यांच्या मांडीवर मान टाकली.

फोनवर डॉक्टर म्हणाले, "लगेच पुरू नका. जोडीदाराला बघू द्या, नाहीतर तो शोधत राहील."

घरी येऊन तिला गुंड्यापुढे ठेवली. त्याने तिला नाकाने ढकललं. मग तिचा कान चाटायला लागला, रोज चाटतो तसा. कान थंड पडलाय हे कळलं असेल का त्याला? तरी चाटतच राहिला.

यांनी कढीपत्त्याखाली खड्डा खणला. तिला उचलायला वाकले, तर गुंड्याने मागचा पाय जोरात आपटला. कुकरच्या शिट्टीला पळणारा तो, यांच्या हातापुढे आडवा बसला.

सासूबाई गेल्या तेव्हाही न रडलेले हे मटकन खाली बसले. "अय्यो, कशी नेऊ गं हिला?"

"राहू द्या थोडा वेळ," मी म्हटलं.

आता अंधार पडलाय. उठा म्हणून सांगायला हवं, पण मला ना यांना सांगवत, ना गुंड्याला.