पहिलं नाव सरांचं

माझी लाडकी नुबिया,

आज गंमतच झाली बघ! तुझे सर, डॉक्टर अर्बेलाएस, आपल्या मानिसालेस शहरातला घरापर्यंतचा चढ चढून धापा टाकत घरी आले. युनिव्हर्सिटीचा एवढा मोठा माणूस आपल्या स्वयंपाकघरात! मी कॉफी दिली, मक्याच्या अरेपा भाजून दिल्या, दोन खाल्ल्या त्यांनी. मग म्हणाले, "रोसाल्बाआजी, तुमची नात कॅनडाला गेली ती आमच्या संशोधन गटाची सगळी अक्कल घेऊनच. प्रयोगशाळेच्या बरण्यांत वाढवलेली केळीची रोपं कशी जगवायची, ते कुणालाच येत नाही. यंदा विज्ञान मंत्रालय आमच्या गटाला खालच्या श्रेणीत टाकणार."

मी विचारलं, "अहो, तिचं काम छापून यायचं तेव्हा पहिलं नाव कुणाचं असायचं?"

"माझं."

"मग जगवा की तुम्हीच!"

काय हसले गं मी! तू गेल्यापासून हसू नाही, रडूही नाही. अंगच बधिर झालंय, तव्याचा चटकासुद्धा कळत नाही. पण आज हसले.

निघताना म्हणाले, "तुम्ही नुसतं 'ये' लिहिलंत तरी ती येईल."

ते मला ठाऊक आहे, पोरी. हे वाचलंस तर 'ये' न लिहिताही निघशील. म्हणून तर हे पत्र टपालात टाकत नाहीये.

तुझीच,
आजी